पांढरी चार

सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमधल्या कुकरची शिट्टी पांढरी पाचमध्ये वाजायची. हे मला मामांनी सांगितलं. नाहीतर शिट्टी झाली म्हणजे डाळ शिजली, एवढ्याच अज्ञानात मी जन्म काढला असता. पेटीवाले लोक सुराच्या उंचीला पेटीच्या पट्ट्यांवरून नावं देतात. पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार, अशी. बाकीचे ती गाण्यापुरती वापरतात. मामा ती अख्ख्या दिल्लीला लावत. बसचा ब्रेक काळी पाच. दूधवाल्याची हाक पांढरी तीन, थंडीत जरा उतरलेली. मामी एरवी काळी दोनमध्ये बोलत. त्या काळी चारमध्ये गेल्या की मामा चपला घालून भाजी आणायला निघत, घरात भाजी असली तरी.

शेजारच्या पंजाबी भाभींचा कुकरही पांढरी पाचच, पण केसभर चढा. दोन्ही एकदम वाजले की मामांच्या अक्कलदाढेत कळ जायची. एका रविवारी ते माकडटोपी घालून भाभींच्या दारात उभे राहिले.

"बहनजी, आपका कुकर ज़रा ऊपर लगता है."

भाभींनी बिचारीनं कुकर ओट्यावरून उचलला आणि शेगडीसकट जमिनीवर मांडला. संध्याकाळी शिट्टी झाली. मामा कान टवकारून ऐकत राहिले आणि मला म्हणाले, "बघ. उतरला की नाही?"

ऑफिसात तर त्यांनी पंख्याविरुद्ध रीतसर टिपण लिहिलं होतं. सेक्शनमधला पंखा 'नी'वर अडकलेला आहे, 'सा'वर येत नाही, निम्नस्वाक्षरीकर्ता दहा ते पाच त्या 'सा'ची वाट पाहत बसतो, कामावर परिणाम होत आहे. फाइल चार खोल्या हिंडली, प्रत्येक खोलीत तिला एक सही चिकटली, आणि दीड वर्षानं उत्तर आलं: पंखा सुस्थितीत आहे, 'सा' या वस्तूची तरतूद नाही. तुम्ही म्हणाल, हा थापा मारतोय. मारतो, मी नाही म्हणत नाही. पण ही त्यातली नव्हे.

मामा माझे मामा नव्हते. मी नोकरीसाठी दिल्लीत आलो तेव्हा त्यांनी क्वार्टरचा मागचा व्हरांडा मला राहायला दिला, आणि सरकारी क्वार्टरमध्ये भाडेकरू ठेवायची मनाई असल्यामुळे त्याच क्षणी मी त्यांचा भाचा झालो. मामा नगरकडचे ख्रिस्ती. मी गळ्यात गणपतीचं लॉकेट घालणारा. घरात माणसं दोनच, मूलबाळ नाही, आणि दोरीवर तीन टॉवेल. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरच्या नजरेतून तिसरा टॉवेल सुटला नाही.

"ये कौन?"

"भांजा," मामा म्हणाले.

इन्स्पेक्टरनं माझं लॉकेट पाहिलं, भिंतीवरचा क्रूस पाहिला, पुन्हा लॉकेट पाहिलं. मामांच्या तोंडाचा भाता बंद पडला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामी आल्या, पदरानं डोळे पुसत. कांदा चिरत होत्या, पण ते इन्स्पेक्टरला कसं कळणार?

"इनकी बहन ने हिंदू से शादी की, भाईसाब. बीस साल हमने बात नहीं की. अब लड़का आया है तो क्या निकाल दें?"

इन्स्पेक्टर विरघळला. चहा प्यायला, दुसरा कप मागून घेतला आणि जाता जाता म्हणाला, "लड़के को संडे को चर्च ले जाया करो. मैं उधर ही रहता हूँ. देखूँगा."

अशा रीतीनं, व्हरांडा टिकवण्यासाठी, मी दर रविवारी दोन बस बदलून मामा-मामींबरोबर चर्चला जाऊ लागलो. चर्च रिजवर, म्हणजे दिल्लीतल्या टेकड्यांच्या रांगेवर, हिंदूरावच्या टेकडीच्या अलीकडे. "ख्रिस्ती मी आणि पत्ता सांगायचा हिंदूरावचा," असं मामा दर रविवारी त्याच वळणावर म्हणत, आणि मामी दर रविवारी त्याच वळणावर खिडकीबाहेर बघत. चर्च एवढंसं होतं की मागच्या बाकावरचा शिंकला तर पुढच्या बाकावरचा रुमाल काढी. वेदीच्या कोपऱ्याला लागून पायपेटी. म्हणजे पायानं भाता मारायचा आणि हातानं वाजवायचं. ती मामांची. तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे; झाडू मारणारा माणूससुद्धा तिच्याभोवती तीन हात अंतर ठेवून झाडत असे, त्यामुळे तिथे धुळीचं एक वर्तुळ कायमचं झालं होतं.

मला थोडाफार तबला येत होता. म्हणजे मी तसं सांगत असे. नाताळच्या कॅरल सर्व्हिसला मामांना तबलजी हवा होता. मला व्हरांडा हवा होता. जमलं.

आता त्या सर्व्हिसबद्दल. इंग्रजी गाणी होत, हिंदी होत, आणि अगदी शेवटी एक मराठी. मराठी घरं उरली होती साडेतीन, त्यातलं अर्धं म्हणजे मी. मराठी गाणं एकच: मामांच्या आजीनं रचलेला बाळ येशूचा पाळणा. पेटीवर मामा, गळा मामींचा. आणि पाळणा म्हणजे पाळणा, तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या दिवशी हे झालं, दुसऱ्या दिवशी ते झालं, असं करत करत बाराव्या दिवशी बारसं. बारा कडवी. शिवाय दोन कडव्यांच्या मध्ये मामा पेटीवर थोडं फिरून येत. थोडं म्हणजे कधी कधी रिजला पूर्ण वळसा. मामांची पेटी सुरू करायला एक माणूस लागे, थांबवायला चौघं.

सर्व्हिसची सगळी सूत्रं मॅडमकडे. मॅडम म्हणजे निवृत्त हेडमिस्ट्रेस, कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, त्यांच्या हातात, आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी मामांना उपासनेनंतर थांबवून घेतलं.

"अंकल, लास्ट इयर आपका गाना ग्यारह मिनट चला. लोगों का केक सूख गया."

"पाळणा है, मॅडम. बारह दिन का है. एक दिन को मैंने पूरा एक मिनट भी नहीं लगाया."

"इस बार तीन मिनट. मेरी घड़ी से. एक सेकंड भी ऊपर गया तो अगले साल से मराठी आइटम नहीं होगा. कमिटी में पास हो चुका है."

मामा पांढरे पडले. "तीन मिनट में बच्चा पाँचवें दिन तक पहुँचेगा. नाम कब रखेंगे?"

"बाइबल में नाम आठवें दिन रखा गया है, अंकल."

"वो बेथलेहेम में. नगर ज़िले में बारहवें."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. बोलणं संपलं.

त्यानंतर घरात सुतक पडलं. कुकर वाजला, मामा काही बोलले नाहीत. दूधवाला ओरडला, मामा काही बोलले नाहीत. भाभींनी मुद्दाम कुकर पुन्हा ओट्यावर चढवून बघितला, तरी नाही. मामी मला व्हरांड्यात येऊन हळूच म्हणाल्या, "भाच्या, काहीतरी कर बाबा. परवा बसनं एवढा मोठा ब्रेक मारला, आणि हे नुसते पडले."

आम्ही कडवी कापायला बसलो. चौथ्या दिवशी मेंढपाळ येतात. मामा म्हणाले, "थंडीतून चालत आलेत ते, दारातून परत पाठवू?" सातव्या दिवशी उंटावरून शहाणे येतात. "जगातले तेवढेच उंटावरचे खरे शहाणे. मराठीनं उगाच त्यांची बदनामी केली. ते राहिलेच पाहिजेत." नवव्या दिवशी बाळाला तीट लावतात. मामी म्हणाल्या, "तीट नाही लावली तर दृष्ट लागेल." तासाभरानं हिशेब केला तर कडवी तेरा झाली होती.

"अहो, पाच म्हणा आणि एकदम बारावं म्हणा," मी म्हणालो.

"आणि मधले सहा दिवस बाळानं करायचं काय? भाच्या, गाणं म्हणजे भाकरी नव्हे, तुकडा मोडून खायला."

"पण थांबला नाहीत तर पुढच्या वर्षी पहिला दिवसपण नाही!"

मामांनी कडव्यांचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "कळतं रे. बिल्कुल कळतं. पण पेटी बंद केली की प्रभूच्या त्या देवळात मराठीचा एक शब्द पुढच्या डिसेंबरपर्यंत निघत नाही. हात उचलवतच नाही, त्याला मी काय करू?"

 उपाय निघाला, आणि तो चर्चच्या चौकीदारानं काढला, नकळत.

तालमीच्या दिवशी मी तबला घेऊन दाराशी बसलो होतो आणि मामा पेटीवर. तबला पेटीच्या सुरात लावावा लागतो, म्हणून मामांनी तिथूनच आरोळी ठोकली, "भाच्या, काळी चार!" मी हातोडी काढली. चौकीदार पहाडी माणूस, बाहेर कोळशाच्या शेगडीवर हात शेकत होता. त्यानं ऐकलं "काली, चार." दिल्लीच्या कानाला 'ळ' ऐकूच येत नाही, त्याला तो बिचारा तरी काय करणार? मामींचं पाचवं कडवं संपत होतं तेव्हा तो आत आला. हातात थाळी, थाळीत चार ग्लास काळा चहा.

"साब, काली चार. चीनी अलग से है."

आणि मामांचे दोन्ही हात वर गेले. पोलिसानं बंदूक रोखल्यासारखे, खांद्यापर्यंत. पेटीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि ती गप्प झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा ती पेटी मधेच थांबलेली पाहिली.

मामींनी नंतर सांगितलं. मामांचे वडील गावाकडच्या देवळात पेटी वाजवत. एकदा भर उपदेशात त्यांचा चहा पेटीत सांडला आणि पांढरी तीन जी चिकटून वाजायला लागली ती पाळकांचा उपदेश संपेपर्यंत वाजत राहिली. पाळक वाक्य बोलत आणि पेटी त्याला हो म्हणे. तेव्हापासून त्या घराण्यात पेटीजवळ कप दिसला की हात वर. विचार करून नाही. शिंकेसारखं.

मी चौकीदाराला बाहेर गाठलं. "यार, चाय बनाने में कितना टाइम लगा?"

"पानी तो गरम रहता है, साब. ढाई मिनट."

"कॅरल के दिन भी यही करना. मामा 'काली चार' बोलें, तू चाय चढ़ा. सीधा पेटी के पास लाना."

तो दचकला. "प्रार्थना में चाय, साब?"

"मराठी रिवाज है," मी म्हणालो. प्रभूनं मला माफ केलंच असेल. माफ करणं हे त्यांचं कामच आहे.

अडीच मिनिटांत पाच कडवी. कप दिसेल, हात वर, गाणं बंद. बारसं राहील, पण पुढच्या वर्षी गाणं राहील. मामांना मी यातलं अक्षर सांगितलं नाही.

कॅरल सर्व्हिसच्या दिवशी असं धुकं पडलं होतं की आम्ही हिंदूरावचा स्टॉप ओळखला तो कंडक्टरच्या आवाजावरून. आणि मामींचा घसा बसला होता. बोलल्या तर दार करकरावं तसं. मिरं, मध, गरम पाणी, सगळं करून झालं. इंग्रजी गाणी झाली, हिंदी झाली. मॅडमनी मनगट वर केलं आणि आमच्याकडे मान हलवली. मामा पेटीवर बसले. त्यांनी मामींकडे पाहिलं, मामींनी गळ्याला हात लावून नाही अशी खूण केली. तो सूर झेपणार नव्हता.

मामा माझ्याकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "भाच्या, पांढरी चार!"

माझी दुहेरी पंचाईत झाली. एक म्हणजे माझा तबला काळी चारला लावलेला. तो तेवढा खाली उतरवला की तबला राहत नाही, भोपळा होतो. पण तबल्याचं जाऊ दे. चौकीदाराचं काय? काळी म्हणजे काली, हे त्याला कळलं होतं. पण पांढरी? हिंदीत पांढरं नसतंच, सफेद असतं. दाराच्या फटीतून मला त्याचा चेहरा दिसला. तोंड उघडं. मी भुवयांनी चहा दाखवला. बघा करून, भुवयांनी चहा दाखवता येत नाही. त्यानं मान डोलावली आणि तो नाहीसा झाला. काय समजून डोलावली, देव जाणे.

मी तबला सारला आणि नुसत्या डग्ग्यावर बसलो. पेटी सुरू झाली.

"गव्हाणीत निजला गे बाळ," मामी गाऊ लागल्या. आवाज खरखरीत, पण खालच्या सुरात बसला. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मामा मधल्या तुकड्यात जरा लांब जायला लागले तसा मी डग्ग्यावर असा गुद्दा घातला की ते परत आले. तिसरा. चौथ्या दिवशी मेंढपाळ आले. मॅडमच्या ओठांची हालचाल मला दिसत होती; त्या सेकंद मोजत होत्या. दार बंद. चहा नाही. मामांचे डोळे मिटलेले. म्हणजे माणूस गेला. आता बाराव्या दिवसाशिवाय परत येत नाही. मी मनात गणपतीला हाक मारली, मग जागेचं भान येऊन येशूला मारली.

पाचवा दिवस सुरू झाला आणि दार उघडलं.

चौकीदारानं त्या दिवशी युनिफॉर्मची टोपीसुद्धा घातली होती. हातात चार ग्लासांची थाळी नव्हती. हातात एकच कप, चिनी मातीचा, बशीसकट, वर वाफ. तो पेटीकडे आलाच नाही. मधल्या वाटेनं, नवरी चालते तसा, सरळ वेदीकडे निघाला, जिथे आमचे पाळकसाहेब डोळे मिटून खुर्चीत बसले होते.

मला लख्ख समजलं. पांढरी चार. पादरी, चाय!

पाळकांच्या खुर्चीकडे जायची वाट पेटीच्या पुढूनच होती. कप मामांच्या नाकाखालून गेला. वास आला असावा. डोळे उघडले, कप दिसला, आणि हात वर.

पेटीनं सुस्कारा सोडला. पाचवा दिवस अर्ध्यावर लटकला.  वर हात केलेले मामा, वाकलेला चौकीदार, डोळे उघडून समोर चहा बघणारे पाळकसाहेब. मामांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना कळलं होतं की आता पुन्हा सुरू केलं तर वेळ जाणार, आणि नाही केलं तर बाळ तसंच राहणार, पाळण्यात, बिननावाचं. हात खाली यायला बघत होते आणि येत नव्हते. कप अजून तिथेच होता.

आणि मामी गायल्या. पेटी नाही, डग्गा नाही, घसा फाटलेला. मधले सहा दिवस त्यांनी पाऊल उचलून गटार ओलांडावं तसे ओलांडले आणि थेट बारावा दिवस धरला. शेजारणी बोलवा, घुगऱ्या वाटा, कानात सांगा बाळाचं नाव. शेवटी त्यांनी ते नाव घेतलं, इतक्या हळू की मागच्या बाकाला ऐकू गेलं नसेल. बारशाला तसंच घेतात, कानात.

मग त्या खाली बसल्या.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. घड्याळ कानाला लावलं. "दो मिनट अट्ठावन," त्या म्हणाल्या, आणि माझ्या छातीतून जो श्वास सुटला त्यानं पुढच्या दोन मेणबत्त्या विझल्या. ही थाप नाही. एक विझली, एक नुसती थरथरली.

पाळकसाहेबांनी कपाकडे पाहिलं, मंडळीकडे पाहिलं, आणि चौकीदाराला विचारलं, "ये क्या है?"

"मराठी रिवाज है, पादरी साब."

त्यांनी एक घोट घेतला. डिसेंबर होता हो. कोणी नाही म्हटलं असतं?

केक वाटताना मामांनी मला कोपऱ्यात धरलं. तबला सोडून नुसता डग्गा बडवल्याबद्दल ते मला झापत होते. "मी काय म्हणालो होतो? पांढरी चार! पांढरी चार!" नेमक्या त्याच वेळी मॅडम वही घेऊन आल्या होत्या. "अंकल, नेक्स्ट इयर के प्रोग्राम में छपवाना है. गाने का नाम क्या है?" मामांचं उत्तर त्यांना मागण्याआधीच मिळालं होतं. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि गेल्या.

"अहो, त्यांना सांगा," मी म्हणालो.

"कशाला?" मामा म्हणाले. "लिहिलं ना? आता कमिटीला खोडता येत नाही."

परतीच्या बसमध्ये मी मामींना विचारलं की एवढा घसा बसलेला असताना कशा काय गायल्या. त्या मफलरमधून म्हणाल्या, "अरे, बाळ बिननावाचं ठेवून कोणी घरी जातं का?" मग त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. वळण नव्हतं तरीही. तेवढ्यात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, सगळी बस एकमेकांच्या अंगावर पडली, आणि गर्दीच्या तळातून मामांचा आवाज आला, "काळी पाच!" मामींनी डोळे मिटले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "सुटले बाई," म्हणाल्या.

मामा-मामी आता नाहीत. मॅडमही नाहीत. मी द्वारकेत राहतो, आमच्या सोसायटीतल्या लिफ्टची घंटी काळी तीनमध्ये वाजते आणि हे सांगायला मला कोणी उरलेलं नाही. पण नाताळच्या आधी मेट्रो धरून मी त्या चर्चला जातो. दारात छापील कार्यक्रम देतात. मी चष्मा लावतो आणि आधी शेवटची ओळ बघतो: मराठी कॅरल, 'पांढरी चार'. मगच कोट काढून बसतो.

आता तो पाळणा पंजाबी आणि मल्याळी पोरं म्हणतात, कागदावरून, पाच कडवी आणि मग बारावं. 'ळ' कोणाला येत नाही, 'बाल' म्हणतात. पाचवं कडवं अर्ध्यावर आलं की सगळे एकदम थांबतात, दार उघडतं, आणि एक माणूस टोपी घालून मधल्या वाटेनं पाळकांना चहा नेऊन देतो. त्यानंतरच एक बाई एकटी बारावं कडवं म्हणते. मागच्या वर्षी शेजारच्या तरुणाला मी साळसूदपणे विचारलं, हे चहाचं काय?

"पुराना मराठी रिवाज है, अंकल," तो म्हणाला. "आपको नहीं पता?"